सागरी तेलगळती : समन्वयाची रचना आणि हद्दीचा प्रश्न

तेलगळतीच्या प्रसंगी यंत्रणांचा अभाव सहसा नसतो. कोणाचा अधिकार कोठवर, हा प्रश्न मात्र हमखास उद्भवतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ या मालवाहू जहाजांची टक्कर झाली, तेव्हा तो ठळकपणे समोर आला. ‘चित्रा’वर बाराशेहून अधिक कंटेनर व सुमारे २,६०० टन इंधन तेल होते. जहाज कलंडले, सुमारे ३०० कंटेनर समुद्रात पडले आणि अंदाजे ८०० टन तेल सांडले.

अशा आपत्तीसाठी १९९६ पासून राष्ट्रीय आकस्मिक योजना अस्तित्वात असून तिच्या समन्वयाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. ७०० टनांपर्यंतची गळती स्थानिक साधनांनी हाताळावी, त्यापुढे प्रादेशिक व राष्ट्रीय साधने आणावीत, अशी तिची स्तररचना आहे. ‘चित्रा’ची गळती या पहिल्या मर्यादेच्या जेमतेम पुढे गेली होती.

समुद्रावर नेतृत्व असे निश्चित असले, तरी बंदराच्या हद्दीत बंदर प्रशासन, किनाऱ्यावर राज्य शासन व प्रदूषण नियंत्रण मंडळ, तर जहाजांच्या नियमनासाठी नौवहन महासंचालनालय, अशी विभागणी आहे. तेल या हद्दी मानत नाही. खुल्या पाण्यातील तवंगावर तेल विखुरणारे रसायन फवारता येते. तिवरांच्या चिखलात ते वापरणे घातकच. तेथे माणसे उतरवून हातानेच तेल गोळा करावे लागते, आणि ते काम किनाऱ्यावरील यंत्रणेचे. त्यातच तरंगत्या कंटेनरांमुळे मुंबई व जवाहरलाल नेहरू या दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबवावी लागली. म्हणजे तेल, कंटेनर आणि जलमार्ग हे तिन्ही प्रश्न एकाच वेळी, निरनिराळ्या कार्यालयांपुढे होते.

ही योजना समुद्रापुरती आहे. औद्योगिक पट्ट्यातील तेल चऱ्होलीजवळ इंद्रायणीत मिसळले, तर जल अधिनियम, १९७४ लागू होतो. कलम ३१ नुसार संबंधिताने तत्काळ कळवावयाचे असते. कलम ३२ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषक द्रव्य काढण्याची तातडीची कारवाई करू शकते. कायदा अधिकार देतो. तवंग अडविणारे तरंगते अडथळे व तेल उपसणारी यंत्रे मात्र आधीच जवळ असावी लागतात. शिवाय चऱ्होली बुद्रुक पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत, तर शेजारच्या आळंदीला स्वतंत्र नगरपरिषद. नदी मात्र एकच.