रापणकारांचं गाऱ्हाणं रोमपर्यंत कसं पोचलं

"आमचं वर कोण ऐकतो?" हे जेटीवर रोज कानावर पडतं. ऐकतात, पण कुणीतरी ते उचलून न्यावं लागतं, आणि वेळ फार लागतो. आपल्या गोव्यापासूनच बघा.

सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊ लागले आणि रापणीत मासळी पडेना. तेव्हा 'गोंयच्या रापणकारांचो एकवट' उभा राहिला. माथानी साल्ढाणा त्याचे पुढारी. (त्या भांडणात ट्रॉलरवाले समोरच्या बाजूला होते. आज हे पान दोघंही वाचतात, तेव्हा जुनं उकरायला लिहीत नाही.) १९७८ मध्ये देशभरच्या छोट्या मच्छीमारांची राष्ट्रीय संघटना झाली, तिचे पहिले अध्यक्षही माथानीच.

१९८४ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, म्हणजे एफएओने, रोममध्ये मासेमारीवर जागतिक परिषद भरवली. बोलणार सरकारं आणि तज्ज्ञ. जाळं ओढणाऱ्याला तिथे खुर्ची नव्हती. मग मच्छीमारांनी आणि त्यांच्या पाठीराख्यांनी त्याच शहरात आपली वेगळी परिषद घेतली.

खुर्ची मिळून कागद व्हायला तीस वर्षं गेली. जून २०१४ मध्ये एफएओच्या मत्स्य समितीने छोट्या मासेमारीसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. त्याआधी १२० हून जास्त देशांतल्या ४,००० वर लोकांशी बोलणी झाली होती. मासळी सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बायकांचं कामही मासेमारीतच धरलं गेलं. हा कागद चंद्रिका शर्मा यांना अर्पण केलाय. चेन्नईत बसून त्यांनी वर्षानुवर्षं मच्छीमारांची बाजू मांडली. मार्च २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानात त्या होत्या. एफएओच्याच बैठकीला निघाल्या होत्या.

आता खरी गोष्ट. ही तत्त्वं ऐच्छिक आहेत, सरकारवर सक्ती नाही. पण त्यातला परिच्छेद ५.१० आपल्या कामाचा: मोठा प्रकल्प आणण्याआधी मच्छीमार वस्तीवर काय परिणाम होईल याचा अभ्यास करावा आणि त्या लोकांशी नीट बोलावं, असं तो सांगतो. बंदर असो की मरीना, जनसुनावणीला लेखी हरकत देताना हा परिच्छेद नमूद करा. सोबत होड्या किती, रापण कुठे ओढतात, मासळी कुठे सुकवतात हे आकड्यांसकट लिहा. नुसतं "आमचं नुकसान होईल" लिहिलं तर अर्ज फायलीत जातो. हरकत दिल्याची पोच घ्यायला विसरू नका, आणि तिचा फोटो आम्हाला पाठवा.