समुद्रावरील रसद

वऱ्हाडातील मुलांना समुद्र दूरचा वाटतो. विमानतळ मात्र आता त्यांच्या जवळ आला आहे. अमरावतीजवळ बेलोरा येथून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तेथील धावपट्टी १,८५० मीटर लांब आहे. आपल्या नौदलाचे विमानवाहू जहाज ‘विक्रांत’ अवघे २६२ मीटर लांब, म्हणजे त्या धावपट्टीच्या सातव्या हिश्श्याएवढे आहे. तरीही त्यावरून लढाऊ विमाने उडतात आणि त्यावरच परत उतरतात.

‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाले. त्यावर सुमारे सोळाशे माणसे राहतात. जणू पाण्यावर तरंगणारे एक गावच! या गावाला इंधन व धान्य पुरविण्यास रसदवाहू जहाजे असतात. परंतु ती सावकाश येतात. विमानाचा एखादा लहानसा भाग मोडला, तर तो हाती येईपर्यंत ते विमान निरुपयोगी होऊन पडते. अशा वेळी रसद आकाशमार्गेच यावी लागते.

अमेरिकेच्या नौदलाने यासाठी खास विमाने बांधली. १९६४ साली प्रथम उडालेले ‘ग्रेहाउंड’ हे त्यांपैकीच एक. ते सुमारे साडेचार हजार किलो सामान किंवा सव्वीस प्रवासी वाहून नेई. उतरताना त्याच्या शेपटीखालील आकडा जहाजावर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडके आणि विमान दोन-तीन सेकंदांत थांबे. तो हिसका पाठीने झेलता यावा म्हणून प्रवाशांना मागे तोंड करून बसवीत. परतताना वाफेच्या बळावर चालणारे यंत्र, गोफणीतून दगड सुटावा तसे, विमानाला पुढे फेकी.

‘विक्रांत’वर असे फेकणारे यंत्र नाही. त्याचे पुढचे टोक चढणीसारखे वर वळलेले आहे. लढाऊ विमाने आपल्या इंजिनांच्या जोरावर तेथून झेप घेतात; जड मालवाहू विमानाला ते साधत नाही. म्हणून माणसे व निकडीचे सामान हेलिकॉप्टरने आणतात. पण हेलिकॉप्टरची धाव मर्यादित असते. यावर उपाय म्हणून २७ एप्रिल २०२३ रोजी गोव्याच्या किनाऱ्यालगत एक चाचणी झाली. नौदलाच्या विमानातून दीडशे किलो सामान मावेल अशी पेटी हवाई छत्रीच्या साहाय्याने समुद्रात सोडण्यात आली. किनाऱ्यापासून दोन हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या जहाजांनाही निकडीचे सुटे भाग मिळावेत, हा तिचा हेतू होता.

पर्वतप्राय जहाजालाही कधी एका लहानशा पेटीची वाट पाहावी लागते. म्हणूनच लढणाऱ्याइतकेच रसद पोहोचविणाऱ्याचेही मोल असते.