अर्ध्यावर थांबवलेली शिकार

नाशिकहून एका आजोबांचं पत्र आलंय. महिन्यापूर्वी त्यांनी प्राण्यांच्या निवारा केंद्रातून एक पिल्लू घरी आणलं. काळं-पांढरं, कान अर्धे दुमडलेले, वय अंदाजे चार महिने. केंद्राच्या कार्डावर 'कोली मिक्स', म्हणजे मेंढ्या हाकणाऱ्या कोली कुत्र्याचा संकर, असं लिहिलेलं. पिल्लू गुणी आहे, हाक मारली की येतं. पण संध्याकाळी दोन्ही नातवंडं गच्चीवर पळायला लागली की ते त्यांच्याभोवती गोल धावतं, मध्येच मान खाली घालून डोळे रोखतं आणि धाकटीच्या टाचेला तोंड घालतं. शेजाऱ्यांचं निदान तयार आहे: कुत्रं डोक्यावर बसतंय, आत्ताच जरब बसवा. आजोबांचा प्रश्न मात्र फार चांगला आहे. या पिल्लानं जन्मात एकही मेंढी पाहिलेली नाही, मग हे त्याला शिकवलं कोणी?

लांडग्यानं.

लांडग्याची शिकार एका झेपेत उरकत नाही. सावज हेरायचं, नजर रोखायची, दबकत पुढे सरकायचं, पाठलाग करायचा, पकडायचं, ठार करायचं आणि मग फाडून खायचं, अशी ती साखळी असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या हॅम्पशायर कॉलेजात शिकवणारे रेमंड कॉपिंजर यांनी कुत्र्यांच्या निरनिराळ्या जातींत ही साखळी कुठे ताणली गेली आणि कुठे तुटली, याचा माग काढला. (हे गृहस्थ स्वतः बर्फावर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या शर्यतीत उतरायचे. कुत्र्यांवर लिहिणाऱ्या पुष्कळ लोकांपेक्षा त्यांचं लिखाण जिवंत वाटतं, ते त्यामुळेच असावं.) बॉर्डर कोलीत नजर, दबा आणि पाठलाग या तीन कड्या ठसठशीत झाल्या आणि पुढच्या जवळजवळ पुसल्या गेल्या. ऑस्ट्रेलियातल्या कॅटल डॉगला हट्टी गुरं हाकायची असतात, म्हणून त्याच्यात टाचेला चावा घेण्यापर्यंतची कडी राखली. 'हीलर' हे त्याचं दुसरं नाव टाचेवरूनच पडलं.

म्हणजे मेंढपाळाला हवी होती ती शिकारच, पण अर्ध्यावर थांबवलेली. मेंढीला हे ठाऊक नसतं. तिच्या लेखी समोर लांडगा उभा असतो, म्हणून तर ती हलते.

ही कारागिरी कुठल्या प्रयोगशाळेतली नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर नॉर्थम्बरलंडमध्ये ॲडम टेल्फर नावाचा मेंढपाळ होता. त्याच्याकडे रॉय नावाचा मनमिळाऊ, पण नजरेत फारशी धार नसलेला कुत्रा आणि मेग नावाची बुजरी, पण विलक्षण भेदक नजरेची कुत्री होती. रॉय अतिसौम्य, मेग अतितीव्र. टेल्फरनं दोघांची जोडी जमवली आणि १८९३ मध्ये 'हेम्प' जन्मला. न भुंकता, अंगावर न जाता, नुसत्या नजरेनं मेंढ्या सरकवणारा कुत्रा! १९०१ मध्ये तो गेला तोवर त्याच्या संततीचा आकडा दोनशेच्या घरात होता. आजच्या जवळपास प्रत्येक बॉर्डर कोलीच्या वंशावळीत तो सापडतो. मेंडेलचे नियम जगाला पुन्हा सापडले १९०० मध्ये. टेल्फरला त्यांचा पत्ता असण्याचं कारण नाही. वर्तनाच्या आनुवंशिकतेच्या पाठ्यपुस्तकात या माणसाला निदान एक तळटीप तरी मिळायला हवी, असं मला नेहमी वाटतं.

पण मेंढ्यांचा कुत्रा म्हटलं की हेच डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. दिवाळीनंतर कोकणाच्या वाटेला लागलेले धनगरांचे कळप आठवा. हाळी देऊन, शीळ घालून मेंढरं वळवतो तो धनगर. कुत्रा बाजूनं निवांत चालतो. त्याची पाळी रात्री, वाघर (जाळ्याचं कुंपण) लावून मेंढरं आत घेतली आणि लांडग्याची चाहूल लागली की. अशा राखणदार कुत्र्यात शिकारीची साखळी जवळजवळ सुरूच होत नाही. तो पिल्लू असल्यापासून मेंढरांत वाढतो आणि त्यांनाच आपलं गणगोत मानतो. कॉपिंजर यांनी युरोप-तुर्कस्तानातून अशी पिल्लं आणून अमेरिकी शेतकऱ्यांना दिली होती. आणि आपल्याकडे अल्सेशियन म्हणून घरोघरी असलेला जर्मन शेफर्ड? तोही मेंढ्यांचाच, पण त्याचं काम कुंपणाचं. मेंढ्या पिकात शिरू नयेत म्हणून तो दिवसभर शेताच्या कडेनं येरझाऱ्या घालायचा. बंगल्याच्या कंपाउंडलगत तो पायवाट पाडतो ती उगीच नाही.

आता नाशिकच्या पिल्लाकडे येऊ, आणि थोडी शंका घेऊ. काळं-पांढरं आणि कान दुमडलेलं म्हणजे कोली, हे कशावरून? आपल्या गल्लीत या रंगाची गावठी पिल्लं हवी तेवढी मिळतील.

इथे मला माझे दोन आवडते, पण विसरले गेलेले शास्त्रज्ञ आठवतात. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर. अमेरिकेच्या मेन राज्यात बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत त्यांनी तेरा वर्षं पाच जातींची कुत्री वाढवली, तपासली, त्यांचे संकर केले. १९६५ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. बसेंजी आणि कॉकर स्पॅनिअल यांच्या संकराची दुसरी पिढी पाहिली तर ही भावंडं आहेत यावर विश्वास बसू नये, इतकी ती वेगवेगळी दिसतात. कित्येकांत ना आजोबा दिसतात ना आजी. संकरित पिल्लाच्या तोंडाकडे बघून जात ओळखणं हे बऱ्याच अंशी भविष्य सांगण्यासारखं आहे.

२०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं तर जातीच्या अभिमानाला मोठाच धक्का दिला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांवर कुत्र्यांचा जनुकसंच वाचला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला जेमतेम ९ टक्के जातीवरून सांगता आला. लगेच 'जात खोटी' असे मथळे झळकले. तेही घाईचेच. त्याच वर्षी 'सेल'मध्ये आलेल्या अभ्यासात चार हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुक तपासले होते, आणि मेंढ्या हाकणाऱ्या वंशांत मेंदूतल्या चेतातंतूंना वाट दाखवणाऱ्या जनुकांभोवती वेगळेपण आढळलं. दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. हजार कोलींची सरासरी हजार बीगलांपेक्षा वेगळी निघेल, पण त्यातला तुमचा एक कोली गच्चीत उन्हाला पाय ताणून पडणारा आळशीही निघू शकतो. नाशिकचं पिल्लू ज्या पद्धतीनं नजर रोखतं ते वाचून माझा कौल कार्डाच्या बाजूनं आहे. पैज मात्र लावणार नाही.

केंद्रातून आणलेल्या पिल्लाच्या बाबतीत जातीइतकीच महत्त्वाची असते ती त्याची गेलेली दोन-तीन महिन्यांची कहाणी. माणसाची ओळख मनात रुजण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यातला, हे याच बार हार्बरच्या कामातून पुढे आलं. तिथल्याच, १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंच कुंपणाआड, माणसाच्या सहवासाशिवाय चौदा आठवडे वाढलेली पिल्लं पुढे रानटी जनावरांसारखी माणसाला बिचकत राहिली. आजोबांचं पिल्लू हाक मारली की येतं, म्हणजे त्या काळात कोणीतरी त्याला हातात घेतलं, खेळवलं. त्या अनोळखी माणसाचे आभार माना. कुकरच्या शिट्टीला ते दचकत असेल तर ते सावकाश जाईल. शिट्टी वाजली की एक शेंगदाणा, एवढ्यावरही पुष्कळ काम होतं.

टाचेचं काय? जरब बसवून हे जाणार नाही, कारण यात सत्तेचा प्रश्नच नाही. पळणारं, किंचाळणारं मूल म्हणजे पाठलागाच्या कडीला दिलेली चावी. मुलांनी जागच्या जागी थांबायचं, गप्प उभं राहायचं. न पळणाऱ्या सावजात पिल्लाला रस उरत नाही. पाठलागाची हौस दोरीला बांधलेल्या चिंधीवर भागवा, खाणं वाटीत न देता घरभर लपवून ठेवा आणि झोपू द्या. जादा जागलेलं पिल्लू जास्त चावतं. शिवाय दोन नातवंडांचा कळप होत नाही, ही त्या बिचाऱ्याची खरी अडचण. तीस मेंढ्या घाबरल्या की एकमेकींना चिकटतात, तीन मात्र तीन दिशांना पळतात, हे कुठलाही मेंढपाळ सांगेल. एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका: दात लागून नुसता ओरखडा उठला तरी साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. पिल्लू लहान आहे म्हणून रेबीज सूट देत नाही.

पत्राच्या शेवटी आजोबांनी सहज लिहिलंय, की पिल्लाला खरूज आहे आणि पुढच्या आठवड्यात इंजेक्शन द्यायचंय. मी दचकलो ते इथे.

खरजेवर आपल्याकडे सर्रास वापरलं जातं ते आयव्हरमेक्टिन. जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीतल्या जिवाणूपासून आलेलं, सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळवून देणारं औषध. मेंदूच्या दारावर एक प्रथिन पहारा देतं आणि असं औषध आत शिरलं की बाहेर ढकलतं. कोली वंशातल्या काही कुत्र्यांत हे प्रथिन बनवणाऱ्या एमडीआर१ जनुकातली चार अक्षरं गळालेली असतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या कॅटरिना मिली आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये हे दाखवलं. पहारेकरीच नसला की खरजेच्या मोठ्या मात्रेनं कुत्रा लडखडतो, बेशुद्ध पडतो, मरूही शकतो. लॅसीच्या चित्रपटांतल्या लांब केसांच्या कोलीत, अमेरिकेत, दहापैकी सुमारे सात कुत्र्यांत या जनुकाची निदान एक सदोष प्रत असते. बॉर्डर कोलीत ती फार कमी आढळते. पण तुमच्या कार्डावर नुसतंच 'कोली' लिहिलंय, कुठला ते नाही.

तेव्हा आजोबा, इंजेक्शनच्या आधी ते कार्ड पशुवैद्यांच्या हातात द्या आणि एमडीआर१ बद्दल विचारा. गालातल्या लाळेच्या नमुन्यावरून चाचणी होते, आणि खरजेवर दुसरी औषधंही आहेत. पिल्लाच्या फाइलवर पहिल्याच पानावर लाल शाईनं लिहून ठेवा: कोली असण्याची शक्यता, आयव्हरमेक्टिन विचारल्याशिवाय देऊ नये.