तलफेला भाव उशिरा कळतो

बारावीच्या अर्थशास्त्रात घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत येतो आणि त्याच्या मागोमाग त्याचे अपवाद येतात: पैसा, कंजूष माणूस, छंद आणि त्याच रांगेत उभा असलेला मद्यपी. पहिल्या आंब्याची गोडी पाचव्याला राहत नाही, हा नियम. पिणाऱ्याला मात्र पुढचा पेला आधीच्यापेक्षा हवासा वाटतो. यावर ठरलेलं उत्तर असं की, हा खरा अपवाद नव्हे, कारण सिद्धांताला विवेकी ग्राहक लागतो आणि पिणाऱ्याची मनःस्थिती बदललेली असते. गुण मिळाले, मद्यपी वर्गाबाहेर गेला.

बाजारातून मात्र व्यसनी माणूस जात नाही, मग व्यसन दारूचं असो वा तंबाखूचं. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात भारतातले 28.6 टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण 26.6 टक्के होतं, आणि त्यात धूर काढणारे जेमतेम 3.8 टक्के. बाकी सारा कारभार मळण्याचा, चघळण्याचा आणि मिश्री लावण्याचा. चारातला एक ग्राहक अपवाद कसा म्हणायचा? म्हणून इथे तंबाखूचाच हिशेब पाहू.

काल खाल्लेलं आज मागतं

नवखा माणूस तंबाखूची चिमूट दाढेला धरतो आणि त्याला घेरी येते. दहा वर्षांनी तोच माणूस तळहातभर मळून बार भरतो, तेव्हा कुठे त्याला बरं वाटतं. वस्तू तीच, माणूस तोच, पण मधल्या दहा वर्षांचा साठा त्याच्या अंगात जमलेला असतो.

शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर आणि केव्हिन मर्फी यांनी 1988 मध्ये हा साठाच समीकरणात घातला. त्यांच्या मांडणीत आजची मागणी फक्त आजच्या भावावर आणि खिशावर ठरत नाही, आजवर किती घेतलं यावरही ठरते. साठा वाढला की तेवढ्याच मात्रेतलं सुख कमी होतं, आणि न घेतल्याचा त्रास मात्र वाढतो. व्यसनाच्या या दोन्ही खुणा त्यात बसतात. गंमत म्हणजे हेच गणित चांगल्या सवयींनाही लागू पडतं. चांगलं संगीत जितकं ऐकावं तितकी त्याची आवड वाढते, हे आल्फ्रेड मार्शलने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं होतं. नाट्यसंगीताच्या मैफलींत जन्म काढलेल्या कुणालाही ते वेगळं सांगावं लागणार नाही.

या मांडणीतला वादाचा भाग पुढेच आहे. बेकर आणि मर्फी म्हणतात की व्यसनी माणूस उद्याचा विचार करतो, आजची चिमूट उद्या किती महाग पडणार हे तो जोखतो आणि तरीही घेतो.

भाव वाढला की काय होतं

सर्वसाधारण समज असा की व्यसनी माणसाला भावाशी देणंघेणं नसतं. तो उपाशी राहील पण पुडी घेईल. अर्थशास्त्राच्या भाषेत, मागणी अलवचीक. यातलं अर्धं खरं आहे. बेकर, मर्फी आणि मायकेल ग्रॉसमन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतल्या राज्यांचे सिगारेटचे आकडे तपासले. भाव कायमचा 10 टक्क्यांनी वाढला तर खप लगेच सुमारे 4 टक्क्यांनी घटतो, आणि काळ लोटला की ही घट 7 ते 8 टक्क्यांवर जाते.

हे जवळजवळ दुप्पट होणं म्हणजेच साठ्याचा परिणाम. भाव चढल्यावर माणूस पहिल्या महिन्यात एखादी पुडी कमी करतो. त्यामुळे साठा थोडा उतरतो, म्हणून पुढच्या महिन्याची तलफ थोडी बोथट होते, म्हणून आणखी एक पुडी सुटते. त्याला भाव ऐकू येतो, पण उशिरा. अर्थसंकल्पानंतर आठवड्याभरात टपरीवर जाऊन ‘काही फरक पडला नाही’ अशी बातमी करणाऱ्यांनी दोन वर्षांनी पुन्हा एक चक्कर मारावी.

ज्याच्या अंगात साठाच नाही, त्या शाळकरी पोराला मात्र भाव पहिल्याच दिवशी ऐकू येतो. तंबाखूवरच्या करातून मिळण्यासारखी मोठी कमाई बहुधा तिथेच आहे.

विवेकी, पण कुठल्या वेळचा?

आता वादाकडे. 2016-17 च्या त्याच सर्वेक्षणात भारतातल्या 55.4 टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या 49.6 टक्के लोकांनी सोडण्याचा बेत किंवा विचार असल्याचं सांगितलं. सगळा हिशेब करूनच घेतात, तर मग निम्मे लोक सोडण्याच्या गोष्टी का करतात?

जोनाथन ग्रुबर आणि बोटोंड कोसेगी या अर्थशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये याचं उत्तर दिलं: माणूस पुढचा विचार करतो, पण ‘आत्ता’ला अवाजवी वजन देतो. सोमवारपासून सोडायचं हे रविवारी अगदी पटलेलं असतं. सोमवार उजाडला की तोच ‘आत्ता’ होतो. असं असेल तर कर म्हणजे दुसऱ्यांवर पडणाऱ्या ओझ्याची भरपाई एवढंच राहत नाही. रविवारच्या माणसाने सोमवारच्या माणसाला घातलेली ती वेसण ठरते.

अशी वेसण स्वतःच कशी घालून घ्यावी, यावर अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी पुष्कळ लिहिलं आहे. आपल्याकडे त्याला पुस्तक लागलं नाही. वारकरी तुळशीची माळ घालतो तेव्हा दारू आणि मटण सगळ्या गावासमक्ष सुटतं, आणि मोडलंच तर किंमत पैशात नाही, अब्रूत मोजावी लागते. चातुर्मासात एखादी वस्तू वर्ज्य करणं हेही त्यातलंच, मुदतबंद. (तंबाखूला मात्र अनेक माळकऱ्यांच्या कनवटीत जागा राहिली. तलफ पळवाट शोधतेच.)

पुडीला शेजारी फार

पाठ्यपुस्तकातली मागणी एका वस्तूची असते. टपरीवर एक दार बंद झालं की शेजारचं उघडतं. सिगारेट महागली तर विडी आहे. पाकीट परवडत नसेल तर सुटी सिगारेट, आणि ती पेटवायला टपरीला दोरीने बांधलेला लायटर. सुट्या विक्रीत ग्राहकाला पाकिटाचा भावही दिसत नाही आणि पाकिटावरचं भीषण चित्रही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली. तिचं काय झालं ते कुठल्याही नाक्यावर पाहता येतं.

गुटख्याची गोष्ट याहून बोलकी आहे. जुलै 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. थोड्याच दिवसांत टपऱ्यांवर दोन पुड्या जोडीने लटकू लागल्या, एक तंबाखूची आणि एक तिच्यात मिसळायची. कारखान्यातलं मिश्रण ग्राहकाच्या तळहातावर आलं, इतकंच. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुपारीही बंदीत आली, तरी विदर्भातला खर्रा आणि पश्चिमेकडचा मावा गिऱ्हाईक उभं असताना जागच्या जागी घोटला जातोच.

वसूल न होणारा कर

बंदीमुळे वस्तू नाहीशी होत नाही, महाग होते. म्हणजे बंदीही एक प्रकारचा करच, फक्त तो तिजोरीत न जाता चोरून माल आणणाऱ्याकडे जातो. बेकर, मर्फी आणि ग्रॉसमन यांनी 2006 मध्ये याच मुद्द्याचं गणित मांडलं: मागणी जितकी ताठर, तितका बंदी राबवण्याचा खर्च वाढतो, कारण भाव चढल्यावर खप थोडा घटतो पण धंद्यात फिरणारा एकूण पैसा वाढतो. माझा कल इथे त्यांच्याकडेच आहे: बंदीपेक्षा कर बरा. अर्थात करालाही मर्यादा आहे. पुडीचा भाव सुट्या नाण्यांत बसवलेला असतो, आणि कर वाढला की नाणं तेच ठेवून आतला माल कमी करता येतो.

ताटातला वाटा

पुडीचे पैसे कुठून येतात, हे अर्थशास्त्रज्ञ रिजो जॉन यांनी 2008 मध्ये भारतातल्या कुटुंबांच्या खर्चावरून तपासलं. तंबाखू घेणाऱ्या घरांत दूध, शिक्षण आणि स्वच्छ इंधनावरचा खर्च कमी दिसला. घेणारा एक, काटकसर करणारे बाकीचे.

विडीला सवलत

जागतिक आरोग्य संघटनेचा आग्रह आहे की तंबाखूच्या किरकोळ किमतीत किमान 75 टक्के वाटा कराचा असावा. आपल्याकडे विडी यापासून कायम लांब राहिली. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर 28 टक्क्यांखेरीज उपकरही बसला, विडीवर नुसते 28 टक्के. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेट आणि गुटखा 40 टक्क्यांच्या टप्प्यात टाकायचं ठरवलं, आणि विडीचा दर 28 वरून 18 टक्क्यांवर आणायचं. विडीच्या पानांचा दर 18 वरून 5 झाला. सवलतीच्या बाजूने नेहमी पुढे केली जाते ती विड्या वळणाऱ्या बायकांची रोजी, आणि सोलापूर किंवा सिन्नरच्या वस्त्यांत फिरलेल्या माणसाला ते कारण खोटं म्हणता येणार नाही. पण 2016-17 च्या सर्वेक्षणात देशात विडी ओढणारे 7.7 टक्के होते आणि सिगारेट ओढणारे 4 टक्के. महागलेल्या सिगारेटवरून उतरणाऱ्याला खालची पायरी आता आणखी स्वस्त करून मिळाली आहे.