वणवा आणि गावचा बंब

निलगिरीचे तेल आपल्याकडे पडशावरचे औषध म्हणून घरोघर असते. या वृक्षाच्या मायभूमीत, ऑस्ट्रेलियात, तेच तेल वणव्याला इंधन पुरविते. पाने तेलकट, शिवाय कित्येक जातींत सालीच्या सुकलेल्या लांब पट्ट्या बुंध्यावर लोंबत असतात. त्या पेटून वाऱ्यावर उडतात आणि मूळ वणव्याच्या कित्येक किलोमीटर पुढे नवी आग लावतात. चढणीवर तर दर दहा अंशांमागे आगीचा वेग सुमारे दुप्पट होतो.

आपला हिवाळा तो तिकडचा उन्हाळा. १९३९ सालच्या जानेवारीतील वणव्यांत व्हिक्टोरिया राज्यात ७१ माणसे दगावली. न्यायमूर्ती स्ट्रेटन यांनी त्याची चौकशी केली. तरी गावोगावच्या विखुरलेल्या पथकांना एका छत्राखाली आणणारी संस्था १९४५ साली, म्हणजे १९४४च्या आगींनी पुन्हा पोळल्यावर, स्थापन झाली. शहाणपण असेच उशिरा येते!

या पथकांतील बहुतेक जण विनावेतन स्वयंसेवक आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, स्त्रिया आणि पुरुष, हाक आली की हातचे काम टाकून बंबावर चढतात. पूर्वी हाती ओली गोणपाटे नि हिरव्या डहाळ्या असत.

भडकलेल्या वणव्याच्या तोंडावर पाणी मारणे बहुधा व्यर्थच. म्हणून मागून, बगलेने आग आवरीत जायचे, आणि पुढे जमीन खरवडून तिचे खाद्य तोडायचे. पण श्रोतेहो, खरा घात वारा करतो. वाळवंटाकडून येणारा उष्ण वायव्य वारा वणव्याला लांबट, अरुंद पट्ट्यासारखा पळवितो. मग नैर्ऋत्येकडून गार वारा येतो. हायसे वाटावे असाच तो. परंतु त्या क्षणी वणव्याची लांबच लांब बगल हीच त्याचे तोंड होते! २ डिसेंबर १९९८ रोजी लिंटन गावाजवळ, पाणी भरून आणण्यास निघालेल्या एका बंबावरील पाच स्वयंसेवक असेच वारा फिरल्याने मृत्युमुखी पडले. बंबातील काही पाणी स्वतःच्या रक्षणासाठी राखावयाचे, या नियमाचे महत्त्व तेव्हापासून विशेष बिंबविले जाते.

७ फेब्रुवारी २००९ रोजी १७३ जणांचा बळी गेला. मेरीसव्हिल हे गाव वारा फिरल्यानंतरच जळाले. तोवर घर राखावे किंवा वेळीच निघावे, असे दोन्ही पर्याय सांगितले जात. आता अतिभयंकर दिवसाचा इशारा मिळताच आदल्या रात्री किंवा पहाटेच घर सोडा, बंब दाराशी येईलच असे धरून चालू नका, असे हीच पथके गावकऱ्यांना बजावतात. बंबावर गेलेल्याचे स्वतःचे घरही त्या दिवशी असेच रिकामे असते.