नदीचे एक गाणे आणि त्याचे बदललेले शब्द

चित्रपटाची गोष्ट माणूस विसरतो, पण त्यातले गाणे विसरत नाही. भाकऱ्या थापताना, कामावर जाताना, लेकराला झोपवताना ते नकळत ओठांवर येते. चाल मनात बसली की शब्दही पाठ होतात. पण ते शब्द आपल्याला काय शिकवतात, याचा विचार कितीजण करतात? अमेरिकेतील एका थोर कृष्णवर्णीय गायकाने तो विचार केला. ज्या गाण्याने त्यांना जगभर नाव दिले, त्याच गाण्याचे शब्द त्यांनी बदलले. त्या गायकाचे नाव पॉल रॉबसन आणि गाण्याचे नाव ‘ओल मॅन रिव्हर’.

आपल्याकडे तमाशाचा फड गावोगाव फिरतो, तशी अमेरिकेत मिसिसिपी नदीवर नाटकाची बोट काठाकाठाने फिरत असे. अशाच एका बोटीची गोष्ट एडना फर्बर या लेखिकेने 1926 साली कादंबरीत लिहिली. 1927 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर तिचे संगीत नाटक आले, ‘शो बोट’. संगीत जेरोम कर्न यांचे, गीते ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. 1936 साली त्यावर चित्रपट निघाला. त्यात बोटीवरची एक नटी आहे. तिच्या अंगात थोडे कृष्णवर्णीय रक्त आहे आणि तिचा नवरा गोरा आहे. एवढ्याच कारणावरून त्यांचे लग्न कायद्याने गुन्हा ठरते आणि दोघांना बोट सोडावी लागते. ही नुसती कल्पना नव्हती. असे कायदे अमेरिकेच्या अनेक राज्यांत खरोखरच होते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते 1967 साली रद्द केले.

याच चित्रपटात धक्क्यावरचा हमाल जो आपले गाणे म्हणतो. काळ्या माणसाने दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत कापसाच्या गाठी उचलायच्या, गोऱ्या मालकापुढे मान वर करायची नाही आणि जरा चुकले की तुरुंग. नदीला तो म्हातारबाबा म्हणतो. या म्हाताऱ्याला सारे ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही, नुसता वाहत राहतो. गाण्याच्या शेवटी जो म्हणतो, मी जगण्याला कंटाळलो आहे आणि मरणालाही भितो आहे. रॉबसन यांच्या धीरगंभीर आवाजाने हे गाणे अजरामर झाले. पुष्कळांना ते गुलामांचे जुने लोकगीत वाटते. प्रत्यक्षात ते दोन गोऱ्या कलावंतांनी नाटकासाठी रचले होते.

रॉबसन यांचा जन्म 1898 सालचा. त्यांचे वडील गुलामगिरीत जन्मले आणि तरुणपणीच तेथून निसटले. मुलगा शिकला, फुटबॉलमध्ये चमकला आणि 1923 साली कोलंबिया विद्यापीठातून वकील होऊन बाहेर पडला. याच विद्यापीठात 1913 ते 1916 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिकले होते. रॉबसन वकिलीच्या कचेरीत काम करू लागले, पण तेथील गोऱ्या कर्मचारी बाईने काळ्या माणसाने सांगितलेला मजकूर लिहून घेण्यास नकार दिला. त्यांनी वकिली सोडली आणि ते रंगभूमीकडे वळले.

जोचे गाणे गाताना त्यांना हळूहळू बोचू लागले. सारा अन्याय सांगून झाल्यावर शेवटी नुसते रडायचे का? 1930 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जाहीर कार्यक्रमांत शब्द बदलले. काळ्या माणसांसाठी वापरलेला हलका शब्द काढून टाकला. दारू प्याल्याने तुरुंगात जाणारा जो आता हिंमत दाखवल्याबद्दल तुरुंगात जाऊ लागला. मरणाला भिणारा जो मरेपर्यंत लढेन असे सांगू लागला. चाल तीच, नदी तीच, पण वाकलेला माणूस ताठ उभा राहिला. गीतकाराला हा बदल रुचला नाही, तरीही रॉबसन यांनी आपले शब्द सोडले नाहीत.

या ताठ मानेची किंमत त्यांना मोजावी लागली. 1950 साली सरकारने त्यांचा पासपोर्ट काढून घेतला. आठ वर्षे त्यांना परदेशी जाऊन गाता आले नाही. 1952 साली त्यांनी कॅनडाच्या सरहद्दीवर अमेरिकेच्या बाजूला ट्रकवर उभे राहून गाणी म्हटली आणि पलीकडच्या लोकांनी ती ऐकली. 1957 साली त्यांचा आवाज टेलिफोनच्या तारेवरून वेल्समधील खाण कामगारांच्या मेळाव्यात पोहोचला. 1958 साली पासपोर्ट परत मिळाला. 1960 च्या नोव्हेंबरात सिडनीच्या ऑपेरा हाऊसचे बांधकाम चालू होते. तेथे जाऊन त्यांनी परांचीवर बसलेल्या बांधकाम मजुरांसमोर हेच गाणे म्हटले. मोठमोठे गायक त्या इमारतीत पुढे आले, पण पहिला मान मजुरांना मिळाला. 1976 साली रॉबसन यांचे निधन झाले.

गाणे मात्र थांबले नाही. आसामचे भूपेन हजारिका कोलंबियात शिकत असताना रॉबसन यांना भेटले होते. त्यांनी या गाण्यावरून प्रेरणा घेऊन ब्रह्मपुत्रेवर असमिया गीत रचले. पुढे ते हिंदीत आले, ‘गंगा बहती हो क्यूँ’. जोची नदी गप्प वाहत होती. हजारिका तिलाच जाब विचारतात की, एवढी दुःखे पाहून तू गप्प का?

घरी मोबाईलवर ही तिन्ही गाणी ओळीने ऐकता येतात. आधी 1936 च्या चित्रपटातले, मग रॉबसन यांच्या नंतरच्या कार्यक्रमातले आणि शेवटी हजारिकांचे. मुलांना सोबत घेऊन ऐका. इंग्रजी शब्द अडले तर शाळेत जाणारी मुलेच ते सांगतील. पहिल्या दोन गाण्यांत जो तेच ओझे उचलतो आहे, पण त्याच्या आवाजात काय बदलले, हे त्यांनाच ओळखू द्या.