डबा भरला आहे, पण कोठी?

सकाळचे डबे झाले, मुले शाळेत गेली, 'हे' कामावर गेले. आता पाच मिनिटे टेकू या म्हणून तुम्ही बसता, आणि मग उठवतच नाही. जिना चढताना धाप लागते, फणीत केसांचे गुंतवळ येते, कणीक तिंबता तिंबता हात गळून जातात. त्यात कुणीतरी म्हणतेच, "आमच्या वेळी काय कमी कामं होती का?" मग तुम्हालाही वाटू लागते, आपणच आळशी झालो!

माझ्या धाकट्या जावेचे हेच झाले. सहा महिने ती स्वत:लाच दोष देत राहिली. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन १२.२. "काही नाही गं, नॉर्मल आहे," म्हणून तिने कागद कपाटात टाकला. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी आणखी एक तपासणी करायला लावली, तेव्हा कुठे उलगडा झाला. हिमोग्लोबिन ठीक होते, पण शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला होता.

हे कसे? आपल्या घरचेच उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात तांदळाचा डबा असतो आणि आत कोठी. डबा खाली गेला की आपण कोठीतून भरतो. कोठीत शेवटचे चार पसे उरले तरी बाहेरचा डबा भरलेलाच दिसतो! हिमोग्लोबिन हा झाला डबा. शरीरातले सुमारे दोन तृतीयांश लोह त्यात असते. उरलेले बरेचसे यकृत, प्लीहा आणि हाडांतला मगज यांत साठवलेले असते. ही झाली कोठी. लोह कमी पडू लागले, की आधी कोठी रिकामी होते. हिमोग्लोबिन उतरते ते त्यानंतर.

कोठीत किती शिल्लक आहे हे सांगणाऱ्या तपासणीचे नाव 'सीरम फेरिटिन'. निरोगी स्त्रीचा हा आकडा १५ च्या खाली असला, की साठा संपला असे जागतिक आरोग्य संघटना मानते. बरेच डॉक्टर तर ३० च्या खालीच सावध होतात. मात्र एक ध्यानात ठेवा. अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर हा आकडा खोटाच वाढतो. तेव्हा नुकतेच आजारी पडला असाल तर डॉक्टरांना तसे सांगा. 'सीरम आयर्न' नावाची तपासणीही असते, पण तिचा आकडा दिवसभरात वरखाली होतो. लोहाची गोळी घेतली की तो चढतो. नुसत्या त्यावर विसंबू नका.

साध्या रक्ततपासणीच्या कागदावर 'एमसीव्ही' असाही एक आकडा असतो. तो ८० च्या खाली असला, तर रक्तातल्या तांबड्या पेशी लहान झाल्या असे समजावे. बहुधा ते लोहाच्या कमतरतेने होते. पण थॅलेसेमिया मायनरमध्येही पेशी लहानच असतात, आणि तो लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून शेजारणीने सांगितल्या म्हणून गोळ्या सुरू करायच्या नाहीत, बरं का! जादा लोहही अपायच करते.

साठा कमी निघाला, तर पुढचा प्रश्न विचारा : लोह जाते कुठे? पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. एका मिलिलिटरमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह गेलेच. पाळी सात दिवसांहून जास्त चालत असेल, गाठी पडत असतील, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागत असेल, तर "जायच्या वयात असं व्हायचंच" म्हणून गप्प बसू नका. मूळव्याध, जंत, पोटातला रक्तस्राव ही कारणेही असतात. पाळी बंद झाल्यावर लोह कमी आढळले, तर कारण शोधलेच पाहिजे.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका. लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या तर चांगल्या. शौचाला काळे झाले तर घाबरू नका. पोट बिघडले तर परस्पर बंद करण्याऐवजी डॉक्टरांना विचारा. आणि गोळ्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका. लहान मुलांना त्या विषासारख्या बाधतात.

बहुतेक जणी चुकतात ते इथेच. महिन्या-दोन महिन्यांत हिमोग्लोबिन चढते, हुशारी वाटते, आणि गोळ्या बंद! डबा भरला, कोठी मात्र तशीच रिकामी. ती भरायला हिमोग्लोबिन चढल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एकीहून जास्त! ज्यांची फक्त कोठी रिकामी आहे, त्या तर यात धरलेल्याच नाहीत.

मुलांच्या लसी, सासऱ्यांची साखर, यांचे रक्तदाब, सगळे तुमच्या ध्यानात असते. आता पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाल तेव्हा एवढेच म्हणा, "हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही लिहून द्या." जाऊबाई आता तिच्या लेकीलाही तेच सांगते. आळशी म्हणून घेण्याआधी, निदान एकदा कोठीचे झाकण तरी उघडून पाहा!